फुगायलंय, ओढायलंय, मुरडायलंय

सोलापुरात मोठ्या आतड्याची दुर्बीण करून घेणारा माणूस टेबलावर नुसतं ‘दुखतंय’ असं फार वेळ म्हणत नाही. दोन-तीन मिनिटांत तो नेमकं बोलायला लागतो. ‘पोट फुगायलंय की ओ.’ ‘आत कुणीतरी ओढायलंय.’ ‘मुरडा मारायलाय.’ ‘संडासला लागल्यासारखं व्हायलंय, उठू का?’ एंडोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीच्या, खोलीत काम करणाऱ्याला या चार वेगळ्या तक्रारी ऐकू यायला हव्यात, कारण चारींची कारणं वेगळी आहेत आणि उपायही. फुगतं ते वायूमुळं. ओढतं ते नळीचा वेढा पडल्यामुळं. आमच्या बोलण्यात ‘लूप’. मुरडते ती आतड्याची उबळ. संडासला लागल्यासारखं होतं ते गुदाशय ताणला गेल्यामुळं. तिथं करायचं काही नसतं, फक्त सांगायचं असतं, ‘तसं वाटणारच. काही येणार नाही, आलं तर पाणीच येईल, खाली कापड आहे.’ या सगळ्यांवर ‘गुंगीचं औषध अजून अर्धा मिली सोडा’ हे एकच उत्तर दिलं की पेशंट गप्प होतो आणि कारण जिथल्या तिथं राहतं.

पेशंटना एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. आतड्याच्या आतल्या अस्तराला कापलेलं कळत नाही. चिमट्यानं तपासणीसाठी तुकडा घेतला तरी बहुतेकांना पत्ता लागत नाही. आतड्याला कळतो तो ताण. एक तर भिंत आतून फुगल्याचा, नाहीतर आतड्याला पाठीमागं धरून ठेवणारा पडदा ओढला गेल्याचा. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं आणि दुर्बिणीची नळी ११ ते १३ मिलिमीटर, म्हणजे बोटाएवढी जाड. लोक जाडीला घाबरतात. त्रास मात्र जाडीचा नसतो, वळणांचा असतो.

काम सुरू होतं आदल्या दिवशी, फोनवर. आतडं साफ नसेल तर डॉक्टरला वाट दिसत नाही. मग ते शोधायला जास्त वायू सोडावा लागतो, जास्त धुवावं लागतं, चुकीच्या दिशेला ढकललं जातं आणि दहा मिनिटांचं काम पंचवीसवर जातं. यातलं प्रत्येक मिनिट पेशंटच्या पोटात जमा होतं. म्हणून पोट साफ करणं ही दुखणं कमी करण्याची पहिली पायरी आहे, हे पेशंटला याच शब्दांत सांगायचं. ‘नीट साफ केलं नाही तर परत यावं लागेल’ या धमकीपेक्षा ‘नीट साफ केलं तर कमी दुखेल’ हे लोक जास्त मनावर घेतात.

दोन-तीन दिवस आधीपासून बिया आणि चोथा बंद. सोलापूरच्या जेवणात हे सोपं नाही. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, हुरड्याच्या दिवसांत हुरडा, घरोघरी डाळिंब आणि पेरू: जे नको ते सगळं ताटात असतं. शेंगाच्या चटणीचं कूट तर आतड्याच्या घड्यांत असं बसतं की पाणी मारून हलत नाही, आणि ओढून घ्यायला जावं तर दुर्बिणीतली ओढायची वाट जेमतेम साडेतीन मिलिमीटरची. तीत डाळिंबाची एक बी अडकली की ओढणं बंद. मग नळी बाहेर काढून ब्रश मारा, परत घाला. पेशंटला तेच दुखणं दोनदा. म्हणून मऊ भात, मुगाच्या डाळीचं पातळ वरण, दही, इडली, बटाटा, अंडं यावर राहायचं, आणि शेवटचा दिवस फक्त पातळ, आरपार दिसेल असं: नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. डाळिंबाचा रस आणि कोकम सरबत नको. आत लाल दिसलं की रक्त की रस, यात वेळ जातो. लोहाच्या गोळ्या पाच ते सात दिवस आधी थांबवायच्या. त्यांनी शौच काळी आणि चिकट होते.

इथं एक शब्द घात करतो. ‘उपाशी राहा’ असं सांगितलं की निम्म्या लोकांच्या कानात ‘उपवास करा’ असं पडतं, आणि उपवास म्हटलं की साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचं कूट. पंढरपूर ज्यात आहे त्या या जिल्ह्यात एकादशीच्या आसपास हे हमखास होतं. म्हणून आम्ही ‘उपाशी’ हा शब्दच वापरत नाही. ‘चावायचं काही नाही, ग्लासातून पलीकडची बोटं दिसतील तेच प्यायचं’ असं सांगतो. शहराच्या पूर्व भागातल्या आजींना हेच तेलुगूत, अक्कलकोटच्या बाजूच्या अण्णांना कानडीत सांगणारं कुणीतरी लागतं. घरातल्या शाळकरी नातवाला फोनवर घेतलं तरी चालतं, पण सांगितलेलं त्याच्याकडून परत वदवून घ्यायचं.

औषधाची पूड बहुतेक ठिकाणी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची असते. एक मोठं पाकीट, त्यात २ लिटर पाणी. पाणी मोजून घ्यायचं, अंदाजानं नाही. कमी पाण्यात कालवलं की ते जास्त खारट होतं आणि ओकारी येते. दर १० ते १५ मिनिटांनी एक ग्लास, २५० मिलीचा. गार करून, स्ट्रॉनं, घोटाघोटानं न पिता सलग, आणि मधे लिंबाची फोड हुंगायची. मळमळ फारच वाढली तर अर्धा तास थांबून पुन्हा सुरू करायचं. ओकारी थांबवायची गोळी डॉक्टर आधीच लिहून देतात. निम्मं औषध आदल्या रात्री आणि निम्मं तपासणीच्या दिवशी पहाटे, चार ते सहा तास आधी सुरू करून, ही पद्धत एकदम सगळं रात्री पिण्यापेक्षा चांगली. रात्री सगळं पिऊन झोपलं की पहाटेपर्यंत लहान आतड्यातून पिवळा चिकट रस खाली उतरतो आणि उजवीकडच्या आतड्यावर साय धरल्यासारखा पसरतो. गुंगी द्यायची असेल तर शेवटचा घोट तपासणीच्या किमान दोन तास आधी संपलेला हवा.

आणि पाणी. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांच्या आड येतं हे इथल्या माणसाला सांगायला नको, पण या तपासणीच्या तारखेशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. औषध सुरू झालं की दहा-पंधरा वेळा संडासला जावं लागतं. पाणी येऊन तीन दिवस झालेत, पिंपात तळाला उरलंय आणि संडास चार घरांत मिळून एक, अशा चाळीत माणूस औषध अर्धं पिऊन सोडतो. तो आळशी नसतो, अडचणीत असतो. तारीख देताना आम्ही विचारतो, ‘तुमच्याकडं पाणी कधी येतंय?’ त्याच्या दुसऱ्या दिवशीची वेळ दिली तर साफसफाई बघण्यासारखी होते. बार्शी, करमाळा, मंगळवेढ्याहून येणाऱ्यांना तर सकाळची वेळ देऊच नये. पोटात पहाटेचा डोस आणि खाली एस.टी.चं सीट, हा छळ आहे. एक तर सोलापुरात नातेवाइकाकडं मुक्काम करायला सांगा, नाहीतर दुपारची वेळ द्या. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असतो तेव्हा आणखी एक. पूड सोडून वेगळं पाणी, सरबत भरपूर चालू ठेवायचं. सुकलेल्या माणसाची शीर सापडत नाही, दोन-तीनदा टोचावं लागतं आणि गुंगीच्या औषधानं बीपी पटकन खाली येतो.

फोनवर शेवटी विचारायचं ते रंगाचं. ‘मावशी, आता कसं होतंय?’ ‘पाणीच की.’ पाणी हे उत्तर पुरेसं नाही. चहासारखं पाणी म्हणजे अजून बाकी आहे. लघवीसारखं पिवळं आणि तळ दिसेल असं असेल तरच झालं.

दहाव्या वेळेनंतर गुदद्वाराची कातडी सोलवटते, आणि दुर्बीण आत जायच्या आधीच ‘आग व्हायलीय’ सुरू होतं. पहिल्या जुलाबाच्या आधीच तिथं खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेलीचं बोट लावून ठेवायचं, घासायचं नाही, पाण्यानं धुऊन मऊ सुती कापडानं टिपायचं. निघताना ते तेल धुऊन टाकायचं, नाहीतर दुर्बिणीच्या काचेवर तवंग येतो.

खोलीत आल्यावर पहिली गोष्ट म्हणजे लघवी. भरलेल्या मूत्राशयावर पोट दाबलं की वेगळीच कळ येते. मग मागून उघडी असलेली पँट. नऊवारीतल्या आजींना ती हातात दिली की त्यांचा चेहरा पडतो, आणि आखडलेलं अंग म्हणजे आखडलेलं पोट. त्यांच्यासाठी सिस्टरच असावी, दार लावलेलं असावं आणि अंगावर चादर आधी, कपडे मग. बरेच जण घरूनच आपली सोलापुरी चादर घेऊन येतात. घेऊ द्यावी. एसीच्या खोलीत ओलं पाणी, उघडं अंग आणि थंडी यांनी पोटाचे स्नायू ताठ होतात. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाकडं, दोन गुडघ्यांच्या मधे टर्किश टॉवेलची गुंडाळी. हाडावर हाड टेकत नाही, वीस मिनिटं तसं पडून राहणं सुसह्य होतं. सलाईनची सुई उजव्या हाताला, कारण डावा हात अंगाखाली जातो.

गुंगीबद्दल आमचं मत सगळ्यांना पटत नाही. गुंगी हवीच, घाबरलेल्या माणसाला, पोटाची जुनी ऑपरेशनं झालेल्यांना, गर्भाशय काढलेल्या बायकांना, सडपातळ बांध्याच्या तरुण मुलींना, जुनाट बद्धकोष्ठ असणाऱ्यांना ती हात आखडता न घेता द्यावी. अशांचं आतडं एक तर चिकटलेलं असतं नाहीतर लांब आणि वळणावळणाचं. पण गुंगी लूप सोडवत नाही, फक्त त्याचा आवाज बंद करते. भूलतज्ज्ञांनी प्रोपोफॉल देऊन गाढ झोपवलेल्या पेशंटमध्ये ‘ओढतंय’ म्हणणारं कुणी उरत नाही. मग हाताला लागणारा विरोध आणि पडद्यावरचं चित्र हे दोनच साक्षीदार राहतात, आणि ज्याचा हात घाईत आहे त्याला दोन्ही दिसत नाहीत.

अर्धवट गुंगीत साधारण आधी दुखणं कमी करणारं फेंटानिल, २५ ते ५० मायक्रोग्रॅम, आणि मग गुंगी आणणारं मिडाझोलाम १ ते २ मिलिग्रॅम, हळूहळू. साठीच्या पुढच्यांना सुरुवात निम्म्यानं. घोटाळा होतो तो वाट न बघण्यात. मिडाझोलामचा असर दिसायला दोन-तीन मिनिटं लागतात. एका मिनिटात ‘अजून जागा आहे’ म्हणून दुसरा डोस, मग तिसरा, आणि चौथ्या मिनिटाला तिन्ही एकदम चढतात, रक्तातला ऑक्सिजन ९८ टक्क्यांवरून ८६. म्हणून घड्याळ बघून दोन-तीन मिनिटं मोजायची, नाकाला ऑक्सिजन मिनिटाला २ लिटर सुरुवातीपासून, आणि उतारा, म्हणजे फ्लुमाझेनिल आणि नॅलोक्सोन, कपाटात नाही, ट्रेमध्ये. दुसरं, मिडाझोलाम दोन ताकदींत येतं, मिलीला १ मिलिग्रॅम आणि मिलीला ५. ‘अर्धा मिली सोडा’ हे वाक्य त्यामुळंच खोलीत नको. मिलिग्रॅममध्ये सांगायचं, सिस्टरनं तेच मोठ्यानं परत म्हणायचं, मग सोडायचं.

किती दुखतंय हे विचारायला पुस्तकात शून्य ते दहा असा आकडा आहे. आमच्याकडं तो चालत नाही. कुणीही सरळ ‘दहा’ म्हणतं. ‘रुपयात किती आणे?’ विचारलं की साठ वर्षांचा विणकर लगेच सांगतो, ‘आता चार आणे. मघाशी बारा होतं.’ आठ आण्याच्या वर गेलं की नळी पुढं जाणार नाही, आधी कारण बघायचं, एवढं आधीच ठरवून पेशंटला सांगितलेलं असलं की त्याची मूठ सैल होते. थांबवण्याचा हक्क आपल्याकडं आहे हे कळलेला माणूस तो हक्क फारसा वापरत नाही, हे मात्र खरं. तेलुगू बोलणाऱ्याच्या ‘नोप्पी’ला आणि कानडी बोलणाऱ्याच्या ‘नोवू’ला खोलीतल्या सगळ्यांनी ओळखलं पाहिजे. ‘काही नाही होत’ असं मात्र कुणी म्हणू नये. होतंय म्हणून तर तो सांगतोय. त्याऐवजी, ‘आता वळण आहे, अर्धा मिनिट ताण येईल, मग सुटेल.’

नळी घालताना २ टक्के लिग्नोकेनची बधिर करणारी जेली बोटानं आतपर्यंत लावून एक-दोन मिनिटं थांबायचं. बहुतेक जण जेली लावतात आणि त्याच क्षणी घालतात. मग त्या जेलीचा उपयोग फक्त बुळबुळीपुरता. मूळव्याध किंवा चीर असेल तर ही दोन मिनिटं सोन्याची. पेशंटला शौचाला करतात तसा हलका जोर द्यायला सांगितलं की गुदद्वाराची स्नायूची कडी सैल पडते, आणि टोक समोरून न खुपसता बोटाच्या आधारानं तिरकं सरकवायचं.

आता वायू. डॉक्टरच्या डाव्या हातातल्या मुठीवर दोन बटणं असतात, एक ओढायचं आणि एक वायू-पाण्याचं. वायूच्या बटणाला माथ्यावर बारीक भोक असतं. त्यातून वायू सतत बाहेर फुसफुसत असतो. भोकावर बोट टेकलं की वाट बंद होते आणि तोच वायू पेशंटच्या आतड्यात जातो. बटण खाली दाबलं की काचेवर पाणी. म्हणजे दाबायचीही गरज नाही, नुसतं बोट टेकलं तरी पोट फुगतं. विचारात पडलेल्या माणसाचं बोट नकळत तिथं विसावतं, आणि पुढची वाट शोधत असताना अर्धा मिनिट वायू जात राहतो. शिकाऊ डॉक्टरचं बोट बघणं हे आमच्याकडं टेक्निशियनचं काम. ‘सर, बोट’, एवढं म्हटलं की पुरतं. ‘फुगायलंय’ ऐकू आलं की पहिलं उत्तर औषध नाही. बोट काढा आणि ओढायचं बटण दाबा. पडद्यावर आतड्याच्या भिंती जवळ येऊन घडी पडू लागली की पुरे.

साध्या हवेत बहुतांश नायट्रोजन, तो आतड्यातून फारसा शोषला जात नाही, बाहेर पडायचा तो वाटेनंच पडतो. कार्बन डायऑक्साइड त्याच्या दीडशे पटीहून जास्त वेगानं शोषला जातो आणि श्वासावाटे निघून जातो. म्हणून सिलिंडर लावलेल्या खोलीतला पेशंट तासाभरात पोट धरून बसलेला दिसत नाही. पण सिलिंडर लावला म्हणजे झालं असं नाही. दुर्बिणीच्या लाइट सोर्सवरचा, म्हणजे उजेड पुरवणाऱ्या यंत्रावरचा, हवेचा पंप बंद करावा लागतो. तो चालू राहिला तर दोन्ही एकदम जातात आणि सगळे समजतात की आपण कार्बन डायऑक्साइड वापरतोय. संध्याकाळी पेशंटचा फोन येतो, ‘पोट नगाऱ्यासारखं झालंय,’ तेव्हा पहिला संशय या स्विचचा. दुसरा संशय, मधेच सिलिंडर संपला आणि कुणीतरी न बोलता हवेवर घेतलं. म्हणून सकाळी दाब बघून वहीत लिहायचा, आणि दोन पेशंटच्या मधे गॅस बंद ठेवायचा, कारण त्या भोकातून तो फुकट जात असतो. दमा-फुप्फुसाच्या जुन्या आजारात रक्तात आधीच कार्बन डायऑक्साइड साठत असेल तर भूलतज्ज्ञांना विचारूनच.

सिलिंडर नसेल तर? पाणी. वायू बंद ठेवून कोमट पाण्यावर नळी सरकवायची. डाव्या कुशीवर झोपलेल्या माणसात पाणी सिग्मॉइडमध्ये, म्हणजे गुदाशयाच्या वरच्या वळणदार भागात, उतरतं, त्या भागाला वजन येतं, वळण फुगून टोकदार होत नाही. गढूळ पाणी ओढून घ्यायचं, स्वच्छ सोडायचं. काही शे मिली ते लिटर-दीड लिटरपर्यंत लागतं, वेळ थोडा जास्त जातो, पण आत जातानाचं दुखणं कमी करण्यात याच्याइतकी स्वस्त युक्ती दुसरी नाही. पाणी निर्जंतुक हवं आणि अंगाच्या उष्णतेचं, ३७ अंशांच्या आसपास. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, खोलीतली बाटली गार पडलेली असते. ते पाणी आत गेलं की आतडं मुठीसारखं आवळतं आणि ‘मुरडा मारायलाय’ सुरू. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात बसवून ठेवायची, मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघायचं, बाळाच्या दुधासारखं.

लूप हा सगळ्यात मोठा गुन्हेगार. गुदाशयाच्या वरचा सिग्मॉइड नावाचा भाग पोटात मोकळा लोंबतो, त्याच्या वरचा उतरता भाग पाठीला चिकटलेला असतो. नळी ढकलली की मोकळा भाग नळीच्या टोकाआधी पोटाच्या भिंतीकडं कमानीसारखा उचलला जातो. आपण ढकलतोय, पण टोक पुढं जात नाही. कधीकधी चित्र उलटं मागं सरकतं. नाड्याच्या पायजम्यात सेफ्टी पिन सरकवताना कापड गोळा होतं, तसंच. तिथं पिन जोरात ढकलून कुणी नाडा घालत नाही; मागचं कापड ओढून सरळ करतो. इथंही तेच: थांबायचं, वायू ओढून घ्यायचा, नळी उजवीकडं पिळत मागं घ्यायची. चित्र मागं न येता टोक पुढं सरकू लागलं की लूप सुटला. पेशंट त्याच क्षणी लांब श्वास सोडतो. नळीवरचे आकडे बघण्याची सवय इथं उपयोगी पडते. सरळ नळीला डावीकडचं वरचं वळण साधारण ५० सेंटिमीटरला येतं आणि शेवटचं टोक, जिथं अपेंडिक्सचं तोंड दिसतं, ते ७० ते ८० ला. नळी ९० आत गेलीय आणि आपण अजून डावीकडंच आहोत, तर ४० सेंटिमीटर कुठंतरी वेढ्यात पडलेली आहे.

पोट दाबणं हे सहायकाचं काम, आणि ते बहुतेक वेळा चुकीच्या वेळी होतं. लूप पडलेला असताना दाबलं तर तो लूप तसाच धरून ठेवला जातो आणि पेशंटला आतून-बाहेरून दोन्हीकडून दुखतं. आधी सोडवा, मग दाबा. तळहात सपाट, बोटं रुतवायची नाहीत, डाव्या ओटीपोटावर आत आणि खाली, इतकंच की सिग्मॉइड वर उचलला जाऊ नये. नळी वळण ओलांडून गेली की हात लगेच सैल. ताकद लागत असेल तर जागा चुकलीय असं समजावं. पाच मिनिटं घाम गाळून दाबणाऱ्या मामांचं मनगट धरतं आणि पेशंटच्या पोटावर दुसऱ्या दिवशी निळं पडतं.

दाबण्याआधी कूस बदलून बघावी. हे फुकट आहे, तरी लोक कंटाळा करतात, कारण गुंगीतल्या माणसाला वळवायला दोघं लागतात. वायू वरच्या भागाकडं जातो, पाणी खालच्या. मधल्या आडव्या भागात पाठीवर झोपवलं की तो भाग वर येतो आणि नवा वायू न सोडता आपोआप उघडतो. उजव्या वरच्या वळणावर अडलं तर ‘अण्णा, मोठा श्वास घ्या आणि धरा’. छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा खाली येतो, वळण खाली दबतं, आणि टोक कधीकधी त्या एका श्वासातच पलीकडं घसरतं. हे जागा असलेला पेशंटच करू शकतो. अर्धवट गुंगीचा आमचा हट्ट यासाठीही.

उबळीसाठी हायोसिन ब्युटिलब्रोमाइड, २० मिलिग्रॅम शिरेतून. त्याआधी काचबिंदू, अडलेली लघवी आणि हृदयाची धडधड विचारून घ्यायची. कित्येकदा कोमट पाणी आणि एक मिनिट थांबणं पुरतं.

टोकाला पोचलं की दुखण्याचा भाग संपला, हे पेशंटला मोठ्यानं सांगायचं. परत येताना दुखत नाही, वेळ मात्र लागतो आणि लागलाच पाहिजे. खरी तपासणी येतानाच होते. किमान ६ मिनिटं, आणि आता ८ सुचवतात. येताना सोडलेला वायू ओढत ओढत यायचं. गुदाशयात शेवटचं ओढून नळी काढली तर बाहेर आल्यावर निम्मी तक्रारच उरत नाही.

नंतर डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडायचं आणि वायू सोडायचा. चारचौघांत सोडायला लोक लाजतात आणि दोन तास पोट धरून बसतात. ‘आवाज आला तर आम्हाला बरं वाटतं’ असं सांगितलं की जमतं. गुंगी घेतलेल्यानं २४ तास गाडी चालवायची नाही. सोबत आलेल्या मुलाला हे वेगळं बजावायचं, कारण वडील ‘मला काही झालं नाही’ म्हणत पार्किंगमध्ये किल्ली मागतात. तास-दोन तासांत कमी होणारा मुरडा साधा. वाढत जाणारं दुखणं, दगडासारखं कडक पोट, ताप, ओकाऱ्या, चक्कर, डाव्या खांद्यात कळ किंवा संडासात गाठीगाठीनं रक्त, यातलं काहीही झालं तर रात्री दोन वाजलेले असले तरी यायचं. पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेली गाठ, काढला असेल तर रक्त दोन आठवड्यांपर्यंत कधीही येऊ शकतं. त्या दिवशी ताक-भात. पॉलिप काढलेला नसेल तर कडक भाकरी आणि चटणी दुसऱ्या दिवसापासून.

रिपोर्टमध्ये निदान सगळेच लिहितात. आम्ही खाली हातानं दोन ओळी वाढवतो: ‘सिग्मॉइडला लूप, पाण्यावर गेली, आडव्या भागात पाठीवर वळवलं, टोक ७५ सेंमी, मिडाझोलाम १.५ मिग्रॅ. पुरलं.’ पॉलिपवाल्यांना तीन किंवा पाच वर्षांनी पुन्हा यायचं असतं, तेव्हा खोलीत दुसरंच कुणी असेल. म्हणून जाताना सांगतो, हा कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.